मायाप्पाची चूल

माझ्या इंग्रजीच्या क्लासातली त्याची पहिली बॅच संपली त्या दिवशी मायाप्पानं आपली खुर्ची उलटी करून ठेवली. बैठक खाली, चारही पाय वर. मग तिच्याखालची फरशी रुमालानं पुसली, मला हात जोडले आणि तो जिना उतरून गेला. मला भयंकर राग आला. सगळा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेल्यामुळे मला राग यायला तसं फार काही लागत नाही, पण हा तर उघड उघड अपमान वाटला. शिकवणं आवडलं नसेल तर तोंडानं सांगावं माणसानं, फर्निचर कशाला पालथं घालायचं?

महिन्याभरानं तो पुढच्या बॅचला नाव घालायला आला. आल्या आल्या कोपऱ्यातली तीच खुर्ची हुडकली, सुलटी केली आणि तिच्या काठावर पाहुण्यासारखा टेकला.

"मायाप्पा, मागच्या वेळी खुर्ची उलटी का केलीत?"

तो गोंधळला. त्यात विचारण्यासारखं काय आहे, तेच त्याला कळेना. "आवं बाई, काम झालं न्हवं? तळ हलवला की चुलीचं दगड उलथायचं असत्यात."

मग त्यानं जे सांगितलं त्यात त्या दिवसाचा चालू वर्तमानकाळ बुडाला. मायाप्पा जत तालुक्यातला, धनगराच्या घरातला. त्याचे वडील, ज्यांना तो आबा म्हणायचा, ऐंशीच्या घरात आले तरी मेंढरं राखत होते. दिवाळी झाली की त्यांचं बिऱ्हाड घोड्यावर चढायचं आणि कळप पश्चिमेला निघायचा. कृष्णाकाठानं वर, साताऱ्यावरून पुढं, कधी कधी थेट खंडाळ्यापर्यंत. वाटेतले शेतकरी त्यांना बोलावून घेत. मेंढरं रानात बसवायची, लेंड्यांनी जमीन कसदार व्हायची, बदल्यात ज्वारी मिळायची आणि सकाळचा चहा. एका रानात चार मुक्काम, दुसऱ्यात आठ. पेरणीच्या आत मात्र सगळ्यांनी आपल्या गावी परतायचं. रान सोडताना चुलीचे तीन दगड उलथून टाकायचे आणि राख मातीत मिसळायची, अशी त्यांच्या घराची रीत. मांडलेली चूल मागं ठेवली तर तो जमिनीवर सांगितलेला हक्क झाला. बोलावलेल्या माणसानं तो सांगायचा नसतो.

मायाप्पानं मेंढरं सोडली, आयटीआय केलं, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डर झाला, पण रीत काही सुटली नव्हती. कारखान्यात तो कंत्राटी होता. सात महिने भरले की कंपनी त्याला ब्रेक द्यायची, म्हणजे काही दिवस घरी बसवायची, आणि मग नव्या कागदावर पुन्हा पहिल्या दिवसापासून कामाला लावायची. अशानं कुणी कायम होत नाही. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. दर ब्रेकला मायाप्पा आपलं टेबल पुसायचा, बसायचं स्टूल उलटं करायचा आणि डबा घेऊन चालू लागायचा.

"तुम्हाला राग येत नाही?" मी विचारलं.

"कशाचा? रान त्येंचं हाय."

मी उगाचच फळा पुसला.

माझा क्लास साताऱ्यात पोवई नाक्याजवळ, औषधाच्या दुकानाच्या वर. दोन खोल्या, एक खिडकी, खिडकीत अजिंक्यतारा. माझ्याकडे येणारे बहुतेक जण परदेशी जायच्या परीक्षेसाठी येतात: नर्स, फिटर, आचारी. तिकडच्या आडगावांत हाताला कसब असलेली माणसं उरली नाहीत, म्हणून तिथली सरकारं अशा कसबी लोकांना व्हिसा देऊन बोलावतात. अट एवढीच की मोठ्या शहरात पळायचं नाही, काही वर्षं त्याच भागात काम करायचं. मायाप्पाला ऑस्ट्रेलियातल्या अशाच एका गावातलं काम कळलं होतं. गावात एकुलतं एक वर्कशॉप, शेतीची अवजारं आणि मेंढरांची लोखंडी कुंपणं दुरुस्त करणारं. तिथला वेल्डर थकून घरी बसला होता आणि मालकाला त्याच्या जागी कुणी मिळत नव्हतं. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा, वेल्डिंगची परीक्षा आणि मालकाची पसंती, हे सगळं पंचेचाळीस व्हायच्या आत व्हायला हवं होतं. मायाप्पाला त्रेचाळीस पूर्ण झाली होती. त्याची ही एकच संधी होती आणि ते त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

"त्या गावात पोरंच न्हाईत म्हनं. समदी शेराकडं गेली."

"हो, तसंच आहे."

"मजी आमच्या जतसारखंच की," तो म्हणाला, आणि त्या क्षणापासून ते गाव त्याला आपलं वाटायला लागलं.

नवा इंग्रजी शब्द बोलण्याआधी तो डोळे मिटायचा. वेल्डरची सवय. ठिणगी उडायच्या आधी काच डोळ्यांवर ओढायची, तसं. वर्गातल्या नर्सपोरी खुसखुसायच्या. मी त्याला सांगितलं, "मायाप्पा, परीक्षकाला वाटेल तुम्हाला झोप लागली." तो डोळे न उघडता हसला. मिटल्या डोळ्यांनी बाहेर आलेली त्याची वाक्यं ठोकून ठोकून सरळ केलेली असायची. हळू यायची, पण एकदा आली की पक्की.

आणि तो त्या गावात फिरायला जायचा. मधल्या सुट्टीत बाकीचे चहाला खाली उतरायचे, हा खिडकीत बसून मोबाईलवर नकाशा उघडायचा आणि बोटानं रस्ते चालायचा. वरून घेतलेली चित्रं ती; घरांची छपरं, करडी मोकळी जमीन, एक सुकी नदी. काही दिवसांनी तो तिथून नुकताच परतल्यासारखा बोलायला लागला.

"पुलावरनं गेलं की डाव्या हाताला गुदाम हाय, बाई. त्येच्या मागं पान्याची टाकी. टाकीपशी झाड हाय, बाभळीवानी. आज तितंच बसल्तो जरा."

"बरं झालं बसलात. दमला असाल."

"टाकीचा जोड गेलाय खालनं. गंज उतारलाय. गेलो की पयलं त्ये करायचं."

त्या धूसर चित्रात मला टाकी म्हणजे एक पांढरा ठिपका दिसायचा आणि त्याच्या कडेला काहीतरी काळपट. पण तो इतक्या खात्रीनं सांगायचा की मी मान डोलवायची. त्या गावात कायम दुपारच असायची. सावल्या जागच्या हलायच्या नाहीत, रस्त्यावर माणूस नसायचा. एकदा क्लासातल्या आरामखुर्चीत माझा डोळा लागला तर मी त्या पुलावर होते. हवेला मेंढरांचा वास होता आणि कुठूनतरी लोखंडावर घण पडल्याचा आवाज येत होता. जाग आल्यावर मी हे मायाप्पाला सांगितलं नाही. तो म्हणाला असता, मग टाकी बघितली का?

पहिली मुलाखत माझ्याच खोलीत, माझ्याच लॅपटॉपवर झाली. वर्कशॉपचा मालक म्हणजे मोठ्या काठाची टोपी घातलेला एक लाल गोरा म्हातारा. त्यानं लोखंडाचं विचारलं, गॅसचं विचारलं, मायाप्पानं एकेक उत्तर डोळे मिटून दिलं. शेवटी त्यानं विचारलं, इथं आलास तर किती दिवस राहशील?

मायाप्पानं डोळे मिटले. बराच वेळ घेतला. मग असं वाक्य बोलला की त्यात एक काना-मात्रा चुकलेला नव्हता. काम झालं की मी वेळेवर निघून जाईन, तुम्हाला माझा काहीही त्रास होणार नाही. व्याकरण इतकं शुद्ध होतं की मी आनंदानं टेबलावर थाप मारली. अर्थाकडे माझंही लक्ष नव्हतं, ही माझी लाज.

आठवड्यानं नकार आला. मालकानं लिहिलं होतं, याआधी तीन जण आले आणि पाय मोकळे होताच शहराकडे गेले. मला राहणारा माणूस हवा आहे.

मायाप्पा ते पत्र वाचून माझ्याकडे बघत राहिला. "पन मी चांगलं बोल्लो न्हवं, बाई? बोलावल्याला मानूस ऱ्हातो म्हनला तर मालकाच्या पोटात गोळा येतो. आबा सांगत्यात, आदी जायाचं सांगायचं, मग चा प्यायाचा."

मला हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं. त्याच्या घराण्यातल्या कुणीही हेच उत्तर दिलं असतं, आणि कृष्णाकाठच्या कुठल्याही शेतकऱ्यानं त्याच उत्तरावर त्याला रान मोकळं करून दिलं असतं. सगळ्यात सभ्य वाक्य बोलून हा माणूस नापास झाला होता.

मी पदर खोचला. म्हटलं, आता बाकी सगळं राहू द्या, तीनच शब्द शिका. आय विल स्टे. मी राहीन.

आय विल वर्क तो म्हणायचा. आय विल कम, आय विल लर्न, सगळं म्हणायचा. या वाक्याला आला की डोळे मिटायचा, ओठ हलायचे, आणि तो वाक्य न बोलताच डोळे उघडून खिडकीबाहेर बघायचा.

"म्हणा ना हो. काय जातंय?"

"ह्ये बोल्लं की बोल्लं, बाई. मागनं उलथता येत न्हाई."

"परीक्षेतलं उत्तर आहे नुसतं. सगळे तसंच म्हणतात."

"समदी म्हंत्यात म्हनून तर त्यो मालक फसलाय," मायाप्पा शांतपणे म्हणाला.

आजवर मी किती जणांना हे वाक्य पाठ करून दिलं असेल! खरं आहे का, असं एकालाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी क्लास लवकर सोडला.

यात वर्ष गेलं. मधे त्यानं इंग्रजीची परीक्षा दिली आणि काठावर का होईना पास झाला. वेल्डिंगच्या परीक्षेत मात्र काठाचा प्रश्न नव्हता. त्याच्या जोडांचे फोटो त्या म्हाताऱ्यापर्यंत गेले आणि त्यानं आपणहून कळवलं, या माणसाशी मला पुन्हा एकदा बोलायचं आहे. तोवर कुणी दुसरं मिळालंही नसावं. पंचेचाळीस पूर्ण व्हायला आठ महिने उरले होते.

त्या सकाळी मायाप्पाबरोबर आबा आले. कळप खंडाळ्याकडं बसला होता, तिथून ते एसटीनं आले होते. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, पायात जड वहाणा. जिना चढून आले तरी त्यांना धाप नव्हती, मला मात्र एका मजल्यात लागते. खुर्ची दिली तर नको म्हणाले आणि भिंतीशी खाली बसले.

"आवं बाई," त्यांनी विचारलं, "त्येंच्या रानात काय कमी हाय?"

"माणसं कमी आहेत, आबा. काम येणारी माणसं."

त्यांनी यावर विचार केला. "मग बोलावलंय तर जावं. खत असू दे न्हाईतर मानूस. जितं कमी तितं न्यावं." मग मुलाकडे वळून म्हणाले, "पन पेरनीच्या आत निघायचं."

मायाप्पा मान खाली घालून लॅपटॉपसमोर बसला.

म्हाताऱ्यानं या वेळी टोपी काढली होती. टोपीखालचं त्याचं कपाळ एकदम पांढरं होतं, आबांच्या पागोट्याखालच्या कपाळासारखं. त्यानं फार काही विचारलं नाही. फोटोंबद्दल दोन शब्द चांगले बोलला आणि मग तोच प्रश्न केला. राहशील का?

मायाप्पानं डोळे मिटले. खाली रस्त्यावर एक रिक्षा सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत होता. माझ्या ओठांवर ते तीन शब्द आले होते, ते मी गिळले. कितीतरी वेळानं त्यानं डोळे उघडले. उघड्या डोळ्यांनी इंग्रजी बोलताना मी त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तो पडद्याकडे बघत नव्हता, भिंतीशी बसलेल्या बापाकडे बघत होता.

"आय विल स्टे."

पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं मान हलवली, कागदांचं कळवतो म्हणाला आणि गेला.

"काय म्हनला वो ह्यो?" आबांनी मायाप्पाकडे बोट करून मला विचारलं.

मी सारवासारव करायला लागले. "कामाचंच काहीतरी, आबा. म्हणजे कधी जायचं, कसं..."

"ऱ्हाईन म्हनालो, आबा," मायाप्पा म्हणाला.

आबांनी खांद्यावरची घोंगडी काढली, मांडीवर घेतली, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मला खरोखरच भीती वाटली. पिढ्यान् पिढ्या न बोललेलं वाक्य मी या घरात शिकवून ठेवलं होतं, आणि त्याचं आता काय होणार ते माझ्या हातात नव्हतं.

"इंग्रजीत बोल्लास," आबांनी विचारलं, "का खरं बोल्लास?"

"खरं बोल्लो."

"मग चूल नीट मांड. हलती ठिऊ नगं." एवढं बोलून ते उठले आणि एसटीची वेळ विचारायला लागले.

व्हिसा आला. शेवटच्या दिवशी मायाप्पा पेढे घेऊन आला, बायको सुरेखा आणि नववीतली मुलगी सोबत होत्या. त्या दोघी नंतर जाणार होत्या. पेढे देऊन झाल्यावर त्यानं नेहमीप्रमाणे आपली खुर्ची उलटी केली, खाली पुसलं आणि निघाला. मी म्हटलं, अहो, निदान ही तरी राहू द्या सुलटी. तो म्हणाला, "ह्ये रान तुमचं हाय, बाई."

महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्या जुन्या कारखान्याच्या फाटकावर पाटी लागली, अनुभवी वेल्डर त्वरित पाहिजेत. मी रिक्षातून ती वाचली आणि मराठीत असं काही बोलले की रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं. जतकडूनही तक्रार होती. सुट्टीला गेला की मायाप्पा गावातली सगळी मोडतोड जोडून द्यायचा. आता ट्रॅक्टरचा साधा हूक तुटला तरी सांगलीहून माणूस आणावा लागतो, असं आबा सांगत.

आबा दरवर्षी यायचे. कळप साताऱ्याजवळ आला की एक सकाळ क्लासात. लेकाला बघायचं तर बाईंच्या मोठ्या पडद्यावर, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. सकाळी इथं घोंगडी पांघरून बसायचे आणि तिथं भर दुपार असायची, तीच, नकाशातली. पहिल्याच वर्षी मी टाकीचं विचारलं होतं. मायाप्पा लाजला. "टाकीला काय बी झाल्तं न्हाई, बाई. त्या झाडाची सावली व्हती." झाडाखाली मात्र तो खरोखर बसतो.

गेल्या वर्षी त्याची अटीची मुदत संपली. आता तो कुठंही जायला मोकळा होता. त्याच्या मागोमाग त्या भागात गेलेले दोन फिटर मुदत संपताच शहरात गेले होते. तिथं पैसा जास्त, आपली माणसं जास्त, मुलीला कॉलेज जवळ. आबा शेजारी बसलेले असताना मी त्याला विचारलं, "मग आता काय ठरवलंय, मायाप्पा? शहरात, की परत इकडं?"

खरं तर मला परत इकडं हे उत्तर हवं होतं. आबांसाठी म्हणून विचारलं, पण हवं मलाही होतं.

फोन हातात घेऊन तो घराच्या मागच्या दारानं बाहेर पडला. पडदा हलला, आकाश दिसलं, वाळलेलं गवत दिसलं, कुंपणापलीकडं दुसऱ्या कुणाची तरी मेंढरं माना खाली घालून उभी होती. मग फोन स्थिर झाला. अंगणात जमिनीत पुरलेली एक जाड लोखंडी प्लेट होती आणि तिच्यावर तीन दगडांच्या जागी तीन लोखंडी खूर उभे होते. चूल होती ती. खुरांच्या बुडाशी वेल्डिंगचा जोड फिरला होता, बारीक आणि एकसारखा.

"आयतवारी सुरेखा हितं भाकरी करती," तो म्हणाला. "सध्या पेटवायला बंदी हाय, गवात वाळलंय. पाऊस झाला की पेटंल."

मला रडू येत होतं आणि विद्यार्थ्यांसमोर मी रडत नाही. आबा भिंतीपासून सरकत सरकत टेबलापर्यंत आले. त्यांनी डोळे बारीक करून पडद्यात पाहिलं, मग हात लांब करून बोट त्या चुलीला लावलं.

"हलती का बग," ते म्हणाले.

मायाप्पानं फोन कुंपणाला टेकवून ठेवला आणि तो चित्रात आला. केस पांढरे झालेले, डोक्यावर तसलीच मोठ्या काठाची टोपी. त्यानं एका खुराला पायानं रेटलं. मग वाकून दोन्ही हातांनी धरून ओढलं. मग गुडघा टेकून, सगळ्या अंगानं, बापाला दिसावं म्हणून, खरोखरचा जोर लावून तो ती चूल उपटायला लागला. दंडाच्या शिरा ताठ झाल्या, टोपी गवतात पडली. उन्हात त्याची पाठ कितीतरी वेळ तशीच वाकलेली होती.

"ऱ्हाऊ दे रं," आबा म्हणाले. "हलत न्हाई ती."

पडद्यावर ठेवलेला हात मात्र त्यांनी काढला नाही.